होडीतला शब्द, चावडीतलं अर्धं उत्तर

१ जाने. ७३, सोमवार

नवी वही. पत्र लिहायला घेतलं की आधी खुशाली विचारायची, ही जन्माची सवय. वहीलाही तीच. तर विचारून घेतो एकेकाला.

कारभारणीचे गुडघे? उठताना कुरकुरतात, तोंड मात्र वंगण घातल्यासारखं चालतं. म्हणजे ठीक. बैल? पवळ्या बरा, ढवळ्याच्या बरगड्या लांबून मोजता येतात. शेवंता, आमची एकुलती लेक, नदीपलीकडं दिलेली. तिचा खोकला? कमी आहे असा निरोप. तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही आप्पा? थंडीत दमा वर येतो, पण गडी बसून राहत नाही. आमच्या बौद्ध वस्तीतला किसनराव, दौंडला रेल्वेत गँगवर आहे, त्याचं रुळाखाली चेचलेलं बोट? नख पडलं, नवं येतंय. माझं? दोन दात गेले, बाकीचे जागेवर.

आणि नदीबाई, भीमाबाई, तुझं कसं काय? तिचं उत्तर लिहवत नाही. होडी वाळूवर पालथी पडली आहे. कोरड्या पायानं पलीकडं जाता येतं. आमच्या काठाशी डोह आहे तेवढंच पाणी.

१४ जाने., रविवार. संक्रांत

शेवंता तिळगूळ घेऊन आली, सोबत आप्पा. नदीतून चालत. पायाला वाळू, तोंडाला हसू. तीळ कमी, गूळ त्याहून कमी, पण आणलं. कारभारणीनं तिची ओटी भरली. हरभऱ्याच्या जागी मिलो घातला. रेशनची लाल ज्वारी ओटीत पहिल्यांदाच. शेवंता म्हणाली, "आये, अमेरिकेनं ओटी भरली म्हन की माजी!" हसलो सगळे.

आप्पा आणि मी डोहावर जाऊन बसलो. खुणेच्या वर वीतभर पाणी. आप्पा म्हणाले, "आबा, महिनाभर निघंल. मग मंडळीचा नेम लावायचा." मी म्हणालो, लावायचाच. नेम आपणच केलाय.

मंडळी म्हणजे दोन्ही काठांची मंडळी. पाच गावं, दोन तालुके. अलीकडची दोन शिरूरची, पलीकडची तीन दौंडची. होडी एक, पाण्याच्या पाळ्या एक, अडल्यावेळी चारा एक. नेम असा, की डोहातलं पाणी खडकावरच्या खुणेखाली गेलं की दोन्ही काठांवरची उसाची इंजिनं बंद. डोह नुसता पिण्याला, आणि तो पाचही गावांना. सरकारनं नाही सांगितलं, आम्हीच ठरवलं. ह्याचा मला फार ताठा. चौथीचं तोंड न पाहिलेला माणूस मी, पुड्यांचे कागद वाचून अक्षर ओळखलं. पण मंडळीचा कागद माझ्या हातचा आहे.

२ फेब्रु., शुक्रवार

खूण उघडी पडली. सरपंच सर्जेराव आणि मी बघून आलो. खडकावरची आडवी रेघ पाण्याच्या चार बोटं वर.

दु. बाराला पलीकडची तिन्ही इंजिनं थांबली. रोजचा आवाज बंद झाला की कान आधी शोधतो, मग ओळखतो. आमच्या काठाची दोन चालूच. सर्जेरावाला विचारलं. "आबा, बेणं तरी वाचू द्या. दोन दिस."

दोन दिवस म्हणजे काय, जातील.

८ फेब्रु., गुरुवार

दोनाचे सहा झाले. आप्पा आले. रागानं नाही, राग त्यांना दम्यामुळं परवडत नाही. म्हणाले, "व्याही, तुमची इंजनं आमच्या ओसरीत ऐकू येत्यात. आमच्या बायका डोहाव येत्यात त्यास्नी रोज एक पायरी जास्त उतराया लागतीया." मी म्हणालो, बघतो. काय बघतो? सर्जेरावाकडं गेलो, च्या पिऊन परत आलो.

आप्पा गेल्यावर होडीतला दिवस आठवत बसलो. चार वर्षं झाली. मंडळी जमवायची ठरली, शपथ कुठं घ्यायची ह्यावरून घोळ. आमच्या देवळात म्हणावं तर ते रुसणार, त्यांच्यात म्हणावं तर आमचे. मग होडीत, बरोबर मध्यावर. नऊ माणसं. पुजाऱ्यानं बेलभंडार ताटात दिला होता. एकेकानं उचलून शब्द द्यायचा, आपल्याकडची रीत. किसनराव उभा राहिला. म्हणाला, "आमी आता बुद्धाची मानसं. भंडाऱ्याला हात लावनार न्हाई. शबूद मात्र पक्का देतो." नावाड्यानं वल्हं थांबवलं. कुणाच्या तरी कपाळाला आठी पडली तेवढ्यात मी वाकलो, नदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि म्हणालो, पाण्याला जात नाही, ह्याच्यावर शब्द देऊ. नऊच्या नऊ जणांनी पाणी घेतलं. ताट तसंच देवळात परत गेलं.

त्या दिवशी दोन्ही काठांवर माझं नाव निघालं. मी ते बरेच दिवस पुरवून पुरवून खाल्लं, लोणच्यासारखं.

१८ फेब्रु., रविवार

पारावर गेलो होतो. आता जाऊ नये असं वाटतं. बोलणं एकच, शिरूरचा डोह शिरूरला. सर्जेराव म्हणे, "तालुका येगळा, पंचायत समिती येगळी, आमदार येगळा, मग डोह कसा एक?" टाळ्या. मी म्हणालो, नदी तालुका विचारून वाहत नाही. तेवढ्यात मागून आवाज, "आबांचं कसं हाय, एक पाय हितं, एक पाय पलीकडं. लेक दिलीया न्हवं तिकडं." दुसरा म्हणाला, "लेकीच्या हंड्यासाठी गावाचा ऊस वाळवत्यात."

हसले सगळे. मीही हसलो. हसायला नको होतं. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच, पुसायला विसरल्यासारखं.

२५ फेब्रु., रविवार

चावडीत सभा झाली. आज लिहवत नाही.

२६ फेब्रु., सोमवार

लिहितो. नाहीतर ही वही कशाला.

चावडी गच्च. सर्जेरावानं विषय काढला, मंडळीत राहायचं का नाही. कुणीतरी म्हणालं, शपथ आहे. सर्जेराव म्हणाला, शपथ म्हणजे बेलभंडार. तो उचलला असंल तर गाव मोडनार न्हाई. आणि माझ्याकडं वळला. "आबा, तुमी व्हता होडीत. देवाला स्मरून सांगा. भंडारा उचलला का न्हाई?"

किसनरावाची दौंडला ड्युटी होती. होडीतला दुसरा कुणी हजर असलेला मला दिसला नाही. किंवा मी पाहिला नाही. सगळी तोंडं माझ्याकडं. मागून खोकल्यासारखा आवाज, "पलीकडचं सांगतील."

मी म्हणालो, "नाही. भंडारा नाही उचलला."

आणि खाली बसलो.

खोटं बोललो का? अक्षर न् अक्षर खरं. पण त्याच्या पुढचं वाक्य तोंडात होतं, भंडाऱ्याच्या जागी पाणी उचललं, पहिलं मी उचललं. ते मी गिळलं. का? तर कुणी म्हणू नये की आबा लेकीकडून बोलतो. आपण पलीकडचे नाही हे दाखवायला मी पलीकडच्यांची मान सुरीखाली दिली. लेक तिकडं नसती तर बोललो असतो.

"झालं तर मग. शपथच न्हवती," सर्जेराव म्हणाला. हात वर झाले. माझा झाला का? अर्धा. खांद्याएवढा. मोजणाऱ्यानं धरला.

बाहेर पडताना दोघांनी पाठ थोपटली. "आबा, तुमी आपलं मानूस." चार वर्षांपूर्वी थोपटलेलं अंगाला लागलं होतं. कालचं टोचत होतं.

४ मार्च, रविवार

डोहाच्या पलीकडच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. अलीकडून चिठ्ठी दाखवून पाणी. घराला एक चिठ्ठी, दिवसाला दोन हंडे. शिक्का सरपंचाचा. पलीकडचे लोक वाळूत झिरे खोदतात, वाटीनं भरतात असं ऐकतो. दौंडहून टँकर येणार म्हणतात. येईल तेव्हा येईल. आमची इंजिनं अजून दिवसाआड सुरू.

किसनराव आज सुटीवर. ओट्यावर आला, बसला नाही. "आबा, खरं का?"

मी म्हणालो, मला भंडाऱ्याचं विचारलं, मी भंडाऱ्याचं सांगितलं.

त्यानं चपलेनं माती उकरली. मग म्हणाला, "आमच्या वस्तीला बी चिठ्ठ्या आल्या. शिक्क्याच्या. जलमात पयल्यांदा गावानं आमास्नी आपली मानसं म्हनलं. आन् ते कशापायी, तर दुसऱ्यास्नी हाकलाया." आणि, "मी न्हाई म्हनलो भंडाऱ्याला, म्हनून शपथ पोकळ ठरली. म्हंजी खापर माज्याच डोक्याव फुटलं न्हवं आबा?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या पापाचा धूर दुसऱ्याच्या घरात शिरलेला आपल्याला दिसत नाही.

तो गेला. च्या घेतला नाही. कधी असं झालं नाही.

१३ मार्च, मंगळवार

सकाळी डोहावर गेलो, आमचे दोन हंडे आणायला. कारभारणीचे गुडघे, म्हणून मी. रांग मोठी. रांगेत मध्येच शेवंता.

डोक्यावर चुंबळ, कडेला हंडा. फांद्यांना वळसा घालून आली होती, पदराला काटे. मला पाहिलं. हाक मारली नाही. चिठ्ठ्या बघायला सर्जेरावाचा भाचा होता, तो तिला ओळखत नाही, बाहेरून आलेला. "चिठ्ठी?"

शेवंता म्हणाली, "न्हाई माज्याकडं. मी पलीकडची."

मी पुढं झालो. म्हणालो, अरे ही माझी लेक. माझी चिठ्ठी घे. भाचा ओशाळला, "आबा, मला काय ठावं, घ्या की." रांग माझ्याकडं बघते, तिच्याकडं बघते.

शेवंता हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असं, "राहू द्या आबा. तुमच्या चिठ्ठीव आईला पुरंना. आन् आज लेक म्हनून भरीन, माज्या जावंनं काय म्हनून भरायचं? तिचा बाप कुठं हाय चावडीत?"

रिकामा हंडा घेऊन गेली. मी तिच्या पाठीकडं बघत उभा. मागच्या बाईनं म्हटलं, आबा, सरका पुढं. मी सरकलो. दोन हंडे भरून आणले. आणले मी.

१४ मार्च, बुधवार

कारभारीण कालपासून बोलत नाही. चांगलं बोलणारं माणूस गप्प बसलं की घर दुसऱ्याचं वाटतं. शेवटी संध्याकाळी बोलली. "गावात नाक राह्यलं तुमचं. लेकीच्या घरी पाय ठिवाया जागा राह्यली का बघा."

मी म्हणालो, चुकलं.

"मला सांगून काय उपेग? मी काय होडीत व्हते?"

२९ मार्च, गुरुवार

आज वेगळंच. पाटबंधाऱ्याचे साहेब आले, जीपमधून, सोबत नकाशे. आमच्या गावाखाली नदीवर बंधारा धरलाय. दुष्काळी कामातून मंजुरी होऊ शकते. गावाला काम, पुढं पाणी. सर्जेरावाच्या तोंडावर गूळ फासल्यासारखं झालं.

साहेब पोरसवदा, पण बोलणं रोखठोक. "तुमची दोन्ही काठांची संस्था आहे असं फाईलला आहे. अर्ज तिच्या नावानं घेईन. दोन्ही बाजूंच्या गावांच्या सह्या पाहिजेत, जमीन दोन्हीकडची जाणार."

सर्जेराव म्हणाला, साहेब, आमच्या एकट्या गावाचा चालंल का, लवकर होईल.

साहेब हसले. "सरपंच, बंधाऱ्याची भिंत दोन्ही काठांत रुतवावी लागते. एकाच काठाला बांधली तर तो नुसता ओटा. संध्याकाळी बसायला बरा."

लोक हसले. सर्जेराव हसला नाही.

साहेब गेल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, तुमी व्याही हाय. जाऊन या की पलीकडं. तुमचं ऐकत्याल." महिन्याभरापूर्वी एक पाय पलीकडं होता ती चूक होती. आता तोच पाय गावाला पाहिजे.

एप्रिलअखेर कागद पुरा झाला नाही तर काम दुसऱ्या तालुक्याला, असं साहेब सांगून गेले.

४ एप्रिल, बुधवार. पाडवा

गुढी उभारली. गडू पालथाच ठेवायचा असतो, म्हणून ह्या वर्षी कुणाला कमी वाटलं नाही.

पलीकडं जायला निघालो. नवं धोतर. वाळूत अर्ध्यावर गेलो, होडी पालथी आहे तिथवर. समोर शेवंताच्या घराची गुढी दिसत होती. थांबलो. काय सांगू? मंडळी मोडली तेव्हा गावाचा होतो, आता बंधारा पाहिजे म्हणून तुमचा झालो? परत फिरलो. घरी सांगितलं, ऊन फार आहे. कारभारणीनं धोतराकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.

८ एप्रिल, रविवार

सभा. मी मागून घेतली. किसनरावाची सुटी बघून.

उभा राहिलो. गुडघे माझेही कुरकुरले. म्हणालो, मला विचारलं होतं भंडारा उचलला का. नाही उचलला, ते खरं. पण त्या जागी पाणी उचललं. नऊ जणांनी. पहिलं मी. ती शपथ होती. मागच्या सभेत मी अर्धं सांगितलं.

मागून एक जण, "मग तवाच का न्हाई बोलला?"

"भ्यालो."

हशा. "ह्या वयात कुनाला भ्याला, आबा?"

"तुम्हाला."

हशा थांबला.

मला वाटलं, आता वाद होईल, शिव्या बसतील. काही झालं नाही. सर्जेराव लगेच म्हणाला, "झालं गेलं नदीला मिळालं. मंडळी हायच. काट्या उचला, चिठ्ठ्या बंद करा, इंजनं बंद." एका झटक्यात. महिनाभर जे होईना ते. त्याला माझं खरं नको होतं, बंधारा हवा होता. माझं खरं त्याच्या सोयीच्या दिवशी बाहेर पडलं, म्हणून स्वस्तात गेलं.

किसनरावानं मात्र सोडलं नाही. म्हणाला, "सरपंच, बंधाऱ्याच्या कागदात लिहा. पिन्याचं पानी पयलं, दोन्ही काठांस्नी, समद्या वस्त्यांस्नी. लिवल्याबिगर आमच्या वस्तीची सही न्हाई." कुरबुर झाली. लिहिलं. अक्षर माझं.

बाहेर आल्यावर मी त्याच्या बाजूनं चाललो. म्हणालो, किसनराव, बोललो शेवटी.

"बोलला," तो म्हणाला. "बरं झालं. महिना आदी बोलला असता तर शेवंताबाय काट्यांतनं आली नसती." रागानं नाही म्हणाला. हिशेब चुकलेल्या पोराला मास्तर दाखवतो तसं. आणि मग, "चला, च्या घिऊ तुमच्याकडं." आला. कारभारणीनं दोघांना कपभरून दिला. एवढंच काय ते ह्या महिन्यातलं बरं.

१५ एप्रिल, रविवार

पलीकडं गेलो. ह्या वेळी थांबलो नाही कुठं.

ओसरीवर आप्पा. "या व्याही." बसायला घोंगडी. आणि शेवंता बाहेर आली ती गडूभर पाणी घेऊन. पाय धुवायला. व्याही घरी आला की पायावर पाणी द्यायचं, रीत. कुठलं पाणी? काट्या निघाल्या तरी इकडच्या बायका अजून डोहावर फिरकलेल्या नाहीत. टँकर आठवड्यात एकदा येतो. झिऱ्यातलं, वाटीनं भरलेलं, नाहीतर त्या काट्यांच्या दिवसांत कुठून कुठून आणून साठवलेलं.

मी म्हणालो, राहू दे पोरी.

आप्पा म्हणाले, "घ्या, घ्या. व्याही हाय तुमी. आमच्यात रीत मोडत न्हाईत."

टोमणा होता का? असेल. नसेलही. आप्पांच्या तोंडावरून कळत नाही, दम्यानं चेहरा नेहमी सोसल्यासारखा. गडू घेतला. न घ्यावा तर अपमान, ओतावं तर... दोन बोटं बुडवली, अंगठ्यांना लावली, गडू तिच्या हातात परत दिला. शेवंतानं तो घागरीत परत ओतला, माझ्यादेखत. एक थेंब सांडू दिला नाही.

मग सांगितलं सगळं. सभेतलं आधीचं, नंतरचं. आप्पांनी ऐकलं. कागद दाखवला, पिण्याच्या पाण्याचं कलम वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "कागद चांगला हाय. मागचा बी चांगला व्हता, तुमच्याच हातचा. पन मला सांगा, पानी अडवाया बंधाऱ्यात फळ्या कोन टाकनार, सोडाया कोन काढनार? दुष्काळ परत येईल. मंग परत इचारत्याल, भंडारा उचलला का. तवा तुमी नसाल, मी नसन."

म्हणालो, सही करू नका म्हणत असाल तर तसं गावाला सांगतो.

"मी एकटा कोन? तिन्ही गावास्नी इचारतो. आमच्याकडची पोरं म्हनत्यात, आपला तालुका आपल्याला धरनाचं पानी दील, त्यांच्या नादी कशापायी लागायचं." खोकला आला. बराच वेळ. शेवंता पाठ चोळत होती. खोकला थांबल्यावर म्हणाले, "त्यांचं चुकतंय असं मला म्हनता येईना आबा. त्येच वाईट वाटतंय."

निघताना शेवंता वाळूपर्यंत आली. म्हणालो, रागावलीस? म्हणाली, "न्हाई. पन मला दोन्ही घरं येकच वाटायची. आता नदी वलांडताना पदर सारखा करावा लागतो."

२४ एप्रिल, मंगळवार

आमच्या दोन्ही गावांच्या सह्या झाल्या. सर्जेरावाची सर्वांत मोठी. किसनरावाची नीट, एका रेषेत. कागदाचं डावं अंग भरलं. उजवं कोरं. पलीकडून निरोप नाही.

पारावर म्हणतात, गाजर दाखवून त्यांना नमवू, बंधाऱ्याला कोण नाही म्हणतंय. मला धाकधूक वेगळीच आहे. त्यांनी बंधाऱ्याच्या लोभानं सही केली तरी मंडळी जुळली असं म्हणायचं का? आणि नाही केली, तर दोन काठ म्हणजे दोन मुलुख झाले. आज डोहावरून झालं, उद्या बाजारावरून, परवा सोयरिकीवरून. इकडची मुलगी तिकडं देताना बाप दहादा विचार करील. तो विचार पहिला मी शिकवला.

सर्जेराव म्हणाला, "आबा, आणखी येकदा जा की." मी म्हणालो, लिहितो.

३० एप्रिल, सोमवार

साहेबांचा माणूस आला होता. आठ दिवस वाढवून घेतले, हातापाया पडून. उजवं अंग अजून कोरं.

पत्र आज पोस्टात टाकलं. नक्कल इथं ठेवतो.

"रा. रा. आप्पा यांस आबांचा रामराम.

हे लिहिताना समोर तुमचं छप्पर दिसतंय. तरी पत्र शिरूरला जाईल, तिथून पुण्याला, पुण्याहून दौंडला, आणि मग तुमच्या ओसरीला. टपालवाला म्हणाला, आबा, हाक मारली तर लवकर पोचंल. खरं आहे. पण माझ्या तोंडच्या शब्दाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. म्हणून कागदावर, खाली सही करून.

होडीत आपण पाणी हातात घेतलं ती शपथ होती. चावडीत मला विचारलं तेव्हा मी भंडाऱ्याचं सांगितलं आणि पाण्याचं गिळलं. लोक मला पलीकडचा म्हणतील ह्या भयानं. किसनरावाचा त्यात काही दोष नाही, शपथ पाण्याची करू हे मीच म्हणालो होतो, तेही लिहून देतो. हे पत्र तुम्ही तिन्ही गावांत वाचून दाखवा. वाचणाऱ्याला मोठ्यानं वाचायला सांगा. पुन्हा दुष्काळ आला आणि कुणी विचारलं की शपथ कसली होती, तर मी नसलो तरी हा कागद असेल.

फळ्या कोण टाकणार, कोण काढणार, ह्याचं उत्तर मला सापडलेलं नाही. सापडल्यासारखं दाखवत नाही. एवढंच सुचतं की दोन्हीकडचा एकेक माणूस बरोबर उभा राहील तेव्हाच फळी हलावी. कागदात तसं घालायला सर्जेराव राजी नाही. तुम्ही म्हणालात तर पुन्हा सभेत उभा राहीन. ह्या वेळी हसले तरी.

सही करा असा आग्रह करत नाही. तुमच्या पोरांना माझ्याकडं बघून नाही म्हणावंसं वाटलं तर ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण माझ्यामुळं नाही म्हणू नका, एवढं सांगा त्यांना. मी चार दिवसांचा.

उत्तर लवकर लिहा. हो असो, नाही असो. शेवंताच्या हाती निरोप धाडू नका, तिला मध्ये घालणं आता पुरे झालं. तुमच्या हातानं लिहा, आणि आठ दिवसांच्या आत."